एकगठ्ठा बोली: एका माध्यम-अधिकाऱ्याच्या वाटचालीची पार्श्वभूमी

14 नोव्हेंबर 2024 ला स्टार इंडिया आणि व्हायाकॉम18 या देशातल्या दोन बड्या मनोरंजन समूहांचं विलीनीकरण पूर्ण झालं. नव्या कंपनीचे उपाध्यक्ष झालेले उदय शंकर याआधी दोन्ही घरांशी जोडलेले होते. पाटण्यात वार्ताहरकी, 2000 च्या शेवटच्या दिवशी सुरू झालेली चोवीस तासांची हिंदी वृत्तवाहिनी, 2004 मध्ये दुसऱ्या वृत्तवाहिनीचं प्रमुखपद आणि 2007 पासून स्टार इंडिया समूहाची सूत्रं, असा त्यांचा आधीचा प्रवास. त्यांच्याच काळात, नोव्हेंबर 2008 मध्ये, समूहाची मराठी वाहिनी आली. जुलै 2014 मध्ये व्यावसायिक कबड्डीचा पहिला सामना मुंबईत झाला, तोही याच समूहाच्या पडद्यावर. कबड्डीला सायंकाळची मुख्य वेळ मिळाली, हे महाराष्ट्राने विसरू नये.

फेब्रुवारी 2015 मध्ये, क्रिकेट विश्वचषकाच्या तोंडावर, समूहाने मोबाइलवर पाहण्याचं अ‍ॅप काढलं. आयपीएलचे तीन वर्षांचे डिजिटल हक्क त्याच वर्षी 302.2 कोटी रुपयांना मिळाले होते. दूरचित्रवाणीचे हक्क मात्र प्रतिस्पर्धी सोनीकडे होते.

खरा वाद 4 सप्टेंबर 2017 चा. आयपीएलच्या पुढच्या पाच वर्षांच्या हक्कांसाठी मुंबईत बंद पाकिटं उघडली गेली. भारतातल्या दूरचित्रवाणीसाठी सर्वात मोठा आकडा प्रतिस्पर्ध्याचा होता, 11,050 कोटी. या समूहाचा जेमतेम 6,197 कोटी. डिजिटलसाठी एका समाजमाध्यम कंपनीने 3,900 कोटी लावले. समूहाने 1,443 कोटी. म्हणजे दोन्ही मुख्य गटांत समूह मागे. पण निविदेत आणखी एक रकाना होता, ‘जागतिक संयुक्त बोली’. सगळे हक्क एकगठ्ठा मागायचे, आणि ती रक्कम सुट्या गटांतल्या सर्वोच्च बोल्यांच्या बेरजेहून जास्त भरली, तर सगळं एकालाच. परदेशांतल्या हक्कांचे गट धरून बेरीज झाली 15,819.51 कोटी. समूहाची संयुक्त बोली होती 16,347.50 कोटी. सुमारे 528 कोटींच्या फरकाने सगळं पदरात पडलं.

‘संयुक्त’ या शब्दानेच घोळ झाला. अनेकांना वाटलं, दोन-तीन कंपन्यांनी मिळून बोली लावली. तसं नव्हतं, बोली एकाच समूहाची होती, संयुक्त होते ते हक्क. ही चलाखी झाली, असंही तेव्हा बोललं गेलं. ते अन्यायाचं आहे. रकाना सगळ्यांसाठी खुला होता आणि नियम आधीच ठरले होते. जाब विचारायचा तर तो क्रिकेट मंडळाला. 528 कोटींच्या वाढीव रकमेसाठी त्यांनी दूरचित्रवाणी आणि मोबाइल एकाच हाती दिले, आणि प्रेक्षकाला दुसरा पर्याय पाच वर्षं मिळाला नाही.

मंडळाने धडा घेतला असावा. जून 2022 च्या ई-लिलावात एकगठ्ठा बोलीची सोयच नव्हती. भारतातली दूरचित्रवाणी 23,575 कोटींना जुन्या समूहाकडे राहिली, भारतातलं डिजिटल 20,500 कोटींना व्हायाकॉम18 या नव्या स्पर्धकाकडे गेलं. 2020 च्या अखेरीस जुना समूह सोडलेल्या या अधिकाऱ्याच्या गुंतवणूक मंचाची भागीदारी लिलावाच्या सुमारे दीड महिना आधी जाहीर झाली होती, ती या स्पर्धकाशी. 2023 चा हंगाम मोबाइलवर फुकट दिसला, मराठीसह बारा भाषांत. आजोबा टीव्हीवर आणि नातू फोनवर, एकच सामना दोन कंपन्यांकडून पाहत होते. प्रेक्षकाला स्पर्धेचा असा थेट फायदा क्वचितच मिळतो.

विलीनीकरणाने हे दोन्ही हक्क पुन्हा एका छताखाली आले. मंडळाने लिलावात वेगळं केलेलं बाजाराने अडीच वर्षांत जोडून टाकलं. ऑगस्ट 2024 मध्ये स्पर्धा नियामकाने मंजुरी दिली, तेव्हा क्रिकेटच्या जाहिरातींचा मुद्दा कळीचा होता. आताच्या हक्कांची मुदत संपेपर्यंत टीव्ही आणि अ‍ॅपवरच्या क्रिकेटच्या जाहिरात-वेळा एकत्र बांधून विकणार नाही, अशी हमी कंपन्यांनी दिली. आयपीएलपुरती ती मुदत 2027 च्या हंगामापर्यंत आहे.