एकाच वर्तुळाचा विषय

डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे डीएसपी, हा विषय इंजिनिअरिंगला ज्यांनी घेतला त्यांना विचारून बघा. बहुतेकांना आठवतो तो झेड. फळाभर सिग्मा, घातांकात उणे एन, आणि एवढं करून आलेलं उत्तर नेमकं कशाचं याचा पत्ता नाही. मीही झेड ट्रान्सफॉर्मचे, म्हणजे आकड्यांच्या यादीचं झेडच्या सूत्रात रूपांतर करण्याचे, तक्ते पाठ करून पास झालो. विषय कळायला लागला तो लॅबमध्ये एक नॉब फिरवताना.

माइकमधून येणारा व्होल्टेज सलग बदलत असतो. संगणक तो ठरावीक अंतराने मोजतो आणि आकडे लिहून ठेवतो. डिजिटल टेलिफोनमध्ये हे सेकंदाला ८,००० वेळा होतं. प्रत्येक आकडा म्हणजे एक नमुना, सॅम्पल. पुढचं सगळं डीएसपी या आकड्यांच्या यादीवर चालतं.

आता प्रयोग. सेकंदाला ८,००० नमुने घेणारं सर्किट घ्या, त्याच्या आधीचा, जास्त वारंवारतेचे सूर अडवणारा फिल्टर काढून टाका आणि ऑसिलेटरचा, म्हणजे सूर तयार करणाऱ्या उपकरणाचा, नॉब हळूहळू चढवा. १,००० हर्ट्झ, २,०००, ३,०००. स्पीकरमधला सूर तसतसा चढतो. ४,००० ओलांडले की गंमत सुरू होते. नॉब पुढेच चाललाय आणि सूर मात्र उतरतोय! ५,००० ला ३,००० चा सूर ऐकू येतो, ७,००० ला १,००० चा. बिघाड कुठेही नसतो.

कॅल्क्युलेटर काढा. सूर म्हणजे वर्तुळावर फिरणारा बिंदू असं समजा. १,००० हर्ट्झचा बिंदू दोन नमुन्यांच्या मध्ये ४५ अंश पुढे सरकतो, ७,००० चा ३१५ अंश. ४५ चा कोसाइन ०.७०७, ३१५ चाही तोच. पुढचा नमुना दोन्हींचा शून्य, त्यापुढचा उणे ०.७०७. ३१५ अंश पुढे जाणं आणि ४५ अंश मागे येणं यात नमुने घेणाऱ्याला फरक दिसत नाही. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात, ती याच कारणाने. तिथे सेकंदाला २४ चित्रं असतात एवढंच.

याला एलियसिंग म्हणतात. ‘नंतर सॉफ्टवेअरने काढून टाकू’ हे प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच. काढणार कसं? दोन्ही सुरांचे आकडे हुबेहूब सारखे आहेत, यादीत पुरावाच उरलेला नाही. म्हणून जास्त वारंवारतेचे सूर आकडे होण्याआधीच अडवावे लागतात, साध्या अ‍ॅनालॉग फिल्टरने. सर्वांत मोठ्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त नमुने हवेत, हा नियम या अभ्यासक्रमाचा पाया. त्यामागे हॅरी नायक्विस्ट यांचं १९२८ चं काम आहे आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये दिलेली सिद्धता.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. मग सीडीला ४०,००० च्या जरासे वर नमुने पुरायला हवेत, पण घेतात ४४,१००. एक तर कुठलाच फिल्टर भिंतीसारखा सरळ कापत नाही, त्याला उतार लागतो आणि उताराला जागा. आणि नेमका हाच आकडा का? तेव्हा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. सेकंदाला ६० फील्ड, म्हणजे व्हिडिओची अर्धी-अर्धी चित्रं, फील्डमध्ये २४५ ओळी, ओळीत ३ नमुने. गुणाकार करून बघा. ५० फील्ड आणि २९४ ओळींच्या पद्धतीतही उत्तर तेच येतं. अशा गोष्टी अभ्यासक्रमात नसतात, पण त्या सांगितल्या की आकडा जन्मभर लक्षात राहतो.

झेडचं आता वेगळं काही सांगायला नको. झेडचा उणे एक घात म्हणजे ‘आधीचा नमुना’. आणि झेड-प्रतलावर, म्हणजे झेडच्या किमती बिंदू म्हणून मांडतात त्या आलेखावर, काढतात ते त्रिज्या १ चं वर्तुळ म्हणजे आपला बिंदू ज्यावर फिरत होता तेच वर्तुळ! कोन म्हणजे एका नमुन्यात बिंदू किती अंश सरकतो ते. हे एक वाक्य पहिल्याच आठवड्यात सांगितलं तर निम्मी भीती जाईल. सॅम्पलिंगचा धडा एका टोकाला आणि झेडचा दुसऱ्या टोकाला ठेवण्याची पद्धत मला कधीच पटली नाही. एफएफटी, म्हणजे सिग्नलमध्ये कोणकोणत्या वारंवारता आहेत ते झटपट काढायची पद्धत, तीसुद्धा याच वर्तुळावर राहते. वर्तुळाचे १,०२४ समान भाग केले की त्यांच्या सममितीमुळे तेच ते गुणाकार पुन्हा करायची गरज उरत नाही. दहा लाखांवरचे गुणाकार सुमारे पाच हजारांवर येतात. ही पद्धत कूली आणि ट्युकी यांनी १९६५ मध्ये मांडली. गाउस यांनी तीच युक्ती १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा काढताना वापरली होती.

ईसीजीवर हे सगळं हाताला लागतं. सेकंदाला ५०० नमुने आहेत आणि त्यात विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण मिसळली आहे. लागोपाठ १० नमुन्यांची सरासरी घ्या. १० नमुने म्हणजे गुणगुणीचं बरोबर एक आवर्तन, बेरीज शून्य, गुणगुण गायब. पण ठोक्याचं टोकदार शिखरही बोथट होतं. वर्तुळावर पाहिलं की कारण दिसतं. ५० हर्ट्झचा बिंदू एका नमुन्यात ३६ अंश सरकतो. या सरासरीचे शून्यबिंदू, म्हणजे ज्या कोनांवरचे सूर पुसले जातात ते बिंदू, ३६, ७२, १०८ असे दर ३६ अंशांवर बसतात, म्हणजे १००, १५०, २०० हर्ट्झही मारले जातात. आपल्याला फक्त ३६ आणि उणे ३६ हवे होते.

मग शून्यबिंदू तेवढे दोनच ठेवायचे आणि प्रत्येकाच्या मागे, वर्तुळाच्या जरासा आत, एकेक पोल, म्हणजे आसपासच्या वारंवारतांना उचलून धरणारा बिंदू, बसवायचा. पोल वर्तुळाबाहेर गेला तर आकडे फुगत जातात, हे सगळे घोकतात. खरा पेच आतच आहे. पोलची त्रिज्या ०.९९ ठेवली तर छेद, म्हणजे पुसला जाणारा वारंवारतांचा पट्टा, अगदी अरुंद पडतो, शिखर शाबूत राहतं, पण प्रत्येक ठोक्यामागे लहरी उमटतात आणि त्या ओसरून सुमारे ३७ टक्क्यांवर यायलाच १०० नमुने, म्हणजे ०.२ सेकंद लागतात. ०.९५ ठेवली तर हेच २० नमुन्यांत होतं, पण छेद रुंद होतो. ठोक्याच्या शिखरालगतचा सपाट भाग हृदयविकाराच्या निदानासाठी डॉक्टर बारकाईने पाहतात, आणि लहरी उमटतात त्या नेमक्या तिथेच. तोंडी परीक्षेत मी झेडची व्याख्या विचारत नाही. ०.९५ की ०.९९, आणि का, एवढंच विचारतो.