टोटल लॉस गाडी लिलावात घेताय? पत्रा नंतर बघा, आधी कागद

आरटीओच्या फाटकासमोर टेबल टाकून फॉर्म भरून द्यायचं काम मी करतो. एमएच २० पासून २६ पर्यंत आणि हिंगोलीची एमएच ३८, मराठवाड्यातल्या बहुतेक पासिंगचे कागद या टेबलावरून गेलेत. अलीकडे एक नवं गिऱ्हाईक वाढलंय. ॲक्सिडेंटमध्ये टोटल लॉस झालेली गाडी ऑनलाइन लिलावात घेतलेला माणूस. त्याच्या मोबाइलमध्ये गाडीचे तीस-चाळीस फोटो असतात. बोनेट कुठपर्यंत चेपलंय, एअरबॅग किती फुटल्या, सगळं तोंडपाठ. आरसी दाखवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "ते येतंय मागून."

मागून येत नाही. आणि येत नाही हे कळेपर्यंत गाडी क्रेनवर घालून गावात आणलेली असते, डेंटरला उचल दिलेली असते. म्हणून हे लिहितोय.

गाडी दुरुस्त करायचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर लिहिलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर जात असेल तर विमा कंपनी ती टोटल लॉस धरते. मालकाला भरपाई मिळते आणि उरलेली गाडी सॅल्व्हेज म्हणून लिलावात जाते. लोकांचा पहिला गैरसमज इथंच होतो. त्यांना वाटतं, आपण गाडी विमा कंपनीकडून घेतली. पण आरसीवर कंपनीचं नाव बहुतेक वेळा आलेलंच नसतं. तिथं मूळ मालकच असतो, आणि फॉर्म २९ वर, म्हणजे गाडी विकल्याच्या सूचनेवर, सही त्याचीच लागते. कंपनीचं पत्र, पावती, डिलिव्हरी ऑर्डर हे सगळं जोडायचं, पण सहीची जागा त्यातलं काहीच भरून काढत नाही.

"विथ आरसी" आणि "विदाउट आरसी"

लिलावाच्या यादीत गाडीपुढे या दोन शब्दांपैकी एक लिहिलेला असतो. बारीक अक्षरात असतो आणि तोच कुणी वाचत नाही.

विथ आरसी म्हणजे नोंदणी चालू असलेली गाडी. विदाउट आरसी म्हणजे नोंदणी रद्द झालेली किंवा रद्द होणार असलेली गाडी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि नोंदणी रद्द होते. एकदा रद्द झाली की ती गाडी सुट्या भागांसाठीच. दरवाजे काढा, गिअरबॉक्स काढा, विका. रस्त्यावर ती परत येत नाही. "साहेबाला भेटून काही होतं का?" असं रोज कुणीतरी विचारतं. होत नाही. होतं म्हणून सांगणारा जो भेटेल, त्याच्यापासून दोन हात लांब राहा.

टोटल लॉस गाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि आरटीओचा साहेब तुमच्याकडं संशयानं का बघतो ते त्यातून कळेल. काही टोळ्या चेंदामेंदा झालेली गाडी केवळ तिच्या चेसिस नंबरासाठी आणि कागदांसाठी घेतात. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणायची आणि तिच्यावर हा नंबर ठोकायचा. तुमची गाडी खरोखर दुरुस्त केलेली आहे हे साहेबाला कसं कळणार? म्हणून पार्टचं आणि डेंटिंगचं प्रत्येक बिल जीएसटी नंबरसकट ठेवा, आणि दुरुस्ती चालू असतानाचे फोटो तारखेसह काढा. कच्च्या चिठ्ठीवर "बोनेट, लाइट, मजुरी" असं लिहून आणू नका.

बोली लावायच्या आधी परिवहनच्या साइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. नोंदणी चालू आहे का, कर्जाचा बोजा आहे का, ब्लॅकलिस्टचा शेरा आहे का, हे तिथं दिसतं. ई-चलन वेगळ्या पानावर दिसतं, तेही बघा. मागच्या मालकाची चलनं भरल्याशिवाय काम अडतं, आणि ती कुणी भरायची हे लिलावाच्या अटीत आधीच लिहून ठेवलेलं असतं. बहुतेक ठिकाणी "घेणाऱ्यानं".

अडतं कुठं

सगळ्यात जास्त अडतं जुन्या मालकापाशी. भरपाई देताना त्याच्याकडून फॉर्म २८ (आरटीओच्या ना हरकतीचा, म्हणजे एनओसीचा), २९, ३० (ट्रान्सफरचा अर्ज), ३५ (कर्जाचा बोजा उतरवायचा) यांवर सह्या घेऊन ठेवलेल्या असतात. त्या सह्यांना सात-आठ महिने, कधी वर्ष उलटलेलं असतं. सही आरटीओच्या नोंदीशी जुळत नाही. जुळली तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर जातो, आणि तो नंबर त्यानं कधीच बदललेला असतो. पैसे मिळाल्यावर तो तुमचा फोन कशाला उचलेल? त्याला त्याचा स्वार्थ समजावून सांगावा लागतो. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलंय की ज्याच्या नावावर नोंदणी तोच मालक, आणि अपघाताची जबाबदारीही त्याचीच. गाडी विकून टाकलेली असली तरी. हे सांगितलं की माणूस दुसऱ्या दिवशी आधार कार्ड घेऊन हजर होतो, असा माझा अनुभव आहे.

त्याहून अवघड प्रकार म्हणजे मालकच त्या अपघातात गेलेला असणं. टोटल लॉस गाड्यांत हे क्वचित घडतं असं समजू नका. अशा गाडीवर तुमचं नाव थेट चढत नाही. आधी फॉर्म ३१ वर वारसाच्या नावानं ट्रान्सफर, मग वारसाकडून तुम्हाला. नियमानं वारसानं मृत्यूची खबर ३० दिवसांत द्यायची आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्यांना या मुदती कोण सांगणार? मग वारसांचे कागद, बाकी वारसांची संमती, एक भाऊ सुरतला, एक बहीण नांदत असलेल्या गावी. एका गिऱ्हाइकाची गाडी याच पायी दोन पावसाळे शेतातल्या गोठ्यात उभी राहिली. म्हणून यादीत मालकाचं नाव दिसलं की आधी हे विचारा. विचारायला वाईट वाटतं, पण विचारा.

अपघातात माणूस दगावला असेल आणि पोलिसांनी गाडी जप्त केली असेल, तर ती कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे हमी लिहून घेऊन तात्पुरत्या ताब्यात, सुटलेली असते. त्या आदेशात बहुतेक वेळा अट असते की खटला संपेपर्यंत कोर्टाच्या परवानगीशिवाय गाडी विकायची नाही, तिचं रूप बदलायचं नाही. तुम्ही ती घेऊन रंग मारून मोकळे होता आणि इकडं गाडी मुद्देमालात, म्हणजे खटल्याच्या पुराव्यात, असते. पंचनाम्याची प्रत आणि कोर्टाचा आदेश मागा. मिळत नसेल तर बोली लावू नका.

आणखी एक घोटाळा आपल्याकडं फार होतो. काही लिलावांत फक्त नोंदणीकृत व्यापाऱ्यालाच बोली लावता येते. मग पोरं ओळखीच्या भंगारवाल्याच्या लॉगिनवरून गाडी घेतात. पैसे आपले, पण विक्रीचं पत्र आणि डिलिव्हरी ऑर्डर त्याच्या नावावर. आरटीओत गेल्यावर तुम्ही कोण, असा प्रश्न येतो. विक्रीचं पत्र स्वतःच्या नावावर, आधारवर जसं स्पेलिंग आहे तसंच करून घ्या.

तीस दिवस कधीपासून?

हा प्रश्न निम्म्या अर्जदारांना गोत्यात आणतो. कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत कळवायचं असतं. लोक समजतात, गाडी दुरुस्त होऊन चालू झाली की ३० दिवस सुरू. चूक. दिवस व्यवहारापासून मोजले जातात, गाडी डेंटरकडं उभी असली तरी.

आणि इथंच सरकारी गंमत आहे. ट्रान्सफरला चालू विमा आणि पीयूसी लागतं. पीयूसीला इंजिन सुरू व्हायला लागतं. इंजिन तर रेडिएटरसकट मागं ढकललेलं. म्हणजे नियम पाळायचा तर सांगाड्याचा धूर मोजून आणायचा! हे मी खिडकीवर बोललो तेव्हा पलीकडचा कारकूनही हसला, पण अर्ज परतच दिला.

यातून वाट एकच, कामाचा क्रम बदलायचा. रंग, बंपर, सीट शेवटी. आधी इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, लाइट. गाडी जागेवर सुरू झाली की पीयूसीवाल्याकडं क्रेनवरून न्या, चालवत नको. जुनी पॉलिसी टोटल लॉसबरोबर संपलेली असते, त्यामुळे नवी घ्यायची. फुल इन्शुरन्स द्यायला कंपनी गाडी तपासते आणि अर्धवट गाडीला नाही म्हणते. पहिल्यांदा थर्ड पार्टी घ्या, ट्रान्सफरला तेवढं चालतं. विम्याशिवाय रस्त्यावर सापडलात तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. आणि त्या दिवशी कुणाला धक्का लागला तर शेतही पुरणार नाही.

चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट, म्हणजे नंबरावर कागद धरून पेन्सिलनं उमटवलेला ठसा, हा आणखी एक अडथळा. नंबर जिथं ठोकलेला आहे तोच पत्रा चेपलेला किंवा कापलेला असेल तर प्रिंट निघत नाही. डेंटर बिनधास्त सांगतो, "नवा पत्रा लावून तसाच नंबर मारून देतो." हा गुन्हा आहे आणि पकडले जाल तुम्ही, तो नाही. यार्डात गेल्यावर पहिलं काम म्हणजे नंबर बोटानं चाचपून बघणं. इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची मंजुरी आधी, इंजिन नंतर. नाहीतर आरसीवरचा इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर यांची आयुष्यभर भेट होत नाही.

बाकीचे कागद नेहमीचेच. मूळ आरसी, फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, दोघांचे आधार आणि पॅन, विमा, पीयूसी, फोटो. कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. नुसतं "कर्ज फिटलं" म्हणून चालत नाही, एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरलेली दिसली पाहिजे. परराज्यातली गाडी असेल तर मूळ आरटीओची एनओसी, इथला नवा नंबर आणि महाराष्ट्राचा कर. तो कर धरून हिशेब केला की स्वस्त गाडी बऱ्याचदा स्वस्त राहत नाही. पिवळ्या पाटीची टॅक्सी असेल तर आधी परमिट जमा करून ती खासगी करून घ्यावी लागते, त्याची फाइल वेगळी.

सरकारी लिलावाचं वेगळं

तहसीलनं वाळूच्या दंडापोटी जप्त केलेला हायवा (डंपर) किंवा ट्रॅक्टर, पोलिसांकडची बेवारस गाडी, असा सरकारनं केलेला लिलाव असेल तर फॉर्म २९-३० नाही, फॉर्म ३२ लागतो. ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत. सोबत विक्री कायम झाल्याचा आदेश आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या आदेशाची प्रमाणित प्रत. ही दुसरी प्रत कुणाकडंच नसते. नुसती पैसे भरल्याची पावती घेऊन माणूस येतो आणि मग त्या प्रतीसाठी तालुक्याला चार चकरा मारतो. पैसे भरताना तिथंच लेखी अर्ज देऊन पोच घ्या. विमा कंपनीचा लिलाव सरकारी नसतो, त्याला फॉर्म ३२ जोडून आणू नका. दर महिन्याला एक-दोघं आणतात.

एखाद्या खात्याची जुनी जीप घ्यायचा मोह होतो, तेही बघा. १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपते. ती जीप स्क्रॅप केंद्राच्या वाटेवर आहे, तुमच्या नावावर येणार नाही.

पुरातल्या गाड्या

सप्टेंबर २०२५ च्या पुरात आपल्याकडं किती गाड्या बुडाल्या ते आपण डोळ्यांनी पाहिलंय. या गाड्यांचे कागद बहुतेक साफ असतात, पत्राही सरळ असतो, म्हणून लोक तुटून पडतात. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), एअरबॅगचं युनिट, वायरिंगचे जोड हे सगळं आतून गंजत राहतं आणि वर्षभरानं एकेक करून दगा देतं. यार्डात कुणी "स्टार्ट मारून दाखवतो" म्हणाला तर मारू देऊ नका, सिलिंडरमध्ये पाणी असलं तर कनेक्टिंग रॉडच वाकतो. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या वितीवर चिखलाची रेघ आहे का बघा. सीट धुतात, गालिचा बदलतात, पण बेल्टच्या गुंडाळीत हात कुणी घालत नाही.

बोली जिंकल्यावरही गाडी लगेच तुमची होत नाही, कंपनीची मंजुरी यावी लागते. मंजुरी आली की पैसे भरायची मुदत थोड्या दिवसांची असते, ती चुकली तर अनामत गेली, आणि गाडी उचलायला उशीर केला तर यार्डाचं भाडं रोज चढतं. बोलीवरचा जीएसटी आणि लिलाववाल्याची फी वेगळी. "जशी आहे, जिथं आहे" या अटीवर सही केल्यावर तक्रारीला जागा नसते. माझ्याकडं यायचं असेल तर पैसे भरायच्या आधी या, यादीचा स्क्रीनशॉट घेऊन. त्या वेळी बघायचे मी काही घेत नाही.