जलाशयाकाठचा आणि रानातला तळ (नाशिक परिसर)

धरणाच्या काठी किंवा रानालगत तंबू ठोकून अथवा कॅराव्हॅन (झोपण्या-राहण्याची सोय असलेली गाडी) उभी करून कुटुंबासह रात्र काढायची, तर त्यासाठी जागा पारखावी लागते. नाशिक शहरापासून दीड-दोन तासांच्या अंतरात अशा जागा पुष्कळ आहेत. गंगापूर, काश्यपी, वालदेवी, मुकणे, दारणा, भावली आणि वैतरणा या जलाशयांचे काठ आहेत, त्र्यंबकेश्वर-हरसूल, पेठ आणि सुरगाण्याकडची राने आहेत. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले भंडारदराही नाशिककर आपलेच मानतात.

यांतल्या जवळजवळ सगळ्या जलाशयांना लोक तलाव म्हणतात, पण ते धरणांचे फुगवटे, म्हणजे धरणाने अडून मागे पसरलेले पाणी आहे. गावतळ्याचा काठ साधारण जागेवर असतो, फुगवट्याचा काठ महिन्यागणिक सरकतो. सप्टेंबरअखेर धरण भरलेले असते. पुढे शेतीसाठी ठरावीक पाळ्यांनी पाणी (आवर्तने) सुटते, शहराला पाणी जाते, तुटीच्या वर्षी जायकवाडीसाठीही वरच्या धरणांतून पाणी सोडले जाते. दिवाळीत तंबूच्या दारात असलेले पाणी होळीपर्यंत पार खाली गेलेले असते, आणि मधे उरतो गाळ. त्यामुळे जुना फोटो पाहून जागा ठरवली की हमखास फसगत होते. फोटो कोणत्या महिन्याचा आहे, हे आधी विचारावे.

हा गाळ नीट ओळखता आला पाहिजे. वरची पापडी वाळून तडकलेली असते, तिच्यावर गुरांचे खूर उमटलेले दिसतात, म्हणून ती पक्की वाटते. मोठा माणूस चार पावले गेला की पापडी फुटते आणि पाय पोटरीपर्यंत आत जातो, कारण खाली सगळे लोण्यासारखे मऊ असते. तंबूची खुंटी दगडाच्या एकाच ठोक्यात पूर्ण आत गेली, तर तिथे तंबूही लावू नये आणि गाडीही नेऊ नये. दोन-तीन ठोके खाऊन घट्ट बसणारी मुरमाड जमीन उत्तम. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर बरेचदा स्थानिक शेतकऱ्याचे पीक असते. काठ मोकळा दिसला म्हणून तो बेवारशी नसतो.

पाण्याची वरची हद्द समजायला खडकांवरची फिकट रेघ पाहावी. त्याहून भरवशाचा माणूस म्हणजे गुराखी. ‘बाबा, पाणी कुठवर येतं हो?’ असे विचारले की ‘त्या करंजापर्यंत’ असे नेमके उत्तर मिळते. तळ त्या करंजाच्याही वर असावा. धरणाच्या खालच्या अंगाला, नदीच्या पात्रातल्या वाळूवर किंवा बेटावर मुक्काम कधीही करू नये. विसर्ग वाढला की आपल्या डोक्यावर पावसाचा थेंब नसतानाही पाणी चढते.

लहान मुले बरोबर असतील तर देखाव्याआधी पाण्यात उतरणारा उतार पाहावा. बुडीत क्षेत्रात जुनी शेते, बांध, विहिरी आणि नदीचे मूळ पात्र पाण्याखाली तसेच असते. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट खोलात पडू शकते, पट्टीचे पोहणारेही अशा ठिकाणी बुडाले आहेत. म्हणून मुलांसाठी पाण्यापासून शंभरेक पावले मागे, मधे झुडपांची किंवा बांधाची आड असलेली जागा निवडावी. काठावरून दिसणारा सूर्योदय थोडा लांबून पाहिला तरी तो तेवढाच सुंदर असतो. होडीत बसायचे तर प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट हवे, आणि ते मुलाच्या मापाचे हवे.

शहराला सर्वांत जवळचे म्हणजे गोदावरीवरचे गंगापूर. धरण मातीचे आहे. पहिल्यांदाच तंबूत झोपणाऱ्या कुटुंबाने सुरुवात इथून करावी, कारण रात्री मुलाला ताप भरला तर तासाभराच्या आत दवाखाना गाठता येतो. या बाजूला आणि पुढे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागा आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत पहाटे ब्लोअरने फवारणी चालते आणि वाऱ्याबरोबर औषधाचा फवारा शेजारच्या मोकळ्या जागेवरही येतो. बागेला लागून मुक्काम करायचा असेल तर बागाईतदाराला फवारणीचा दिवस विचारून घ्यावा.

निफाड तालुक्यातले नांदूरमधमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमावरचे पक्षी अभयारण्य. २०२० मध्ये रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) जाहीर झालेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र. गाळ साचून झालेली बेटे आणि उथळ पाणी यांमुळे हिवाळ्यात इथे स्थलांतरित पक्ष्यांची गर्दी असते. मुक्काम मात्र अभयारण्याबाहेर करावा आणि पहाटे पक्षी पाहायच्या मनोऱ्यावर यावे. निफाड थंडीसाठी प्रसिद्ध आहे, कडाक्याच्या दिवसांत शेतकरी द्राक्षबागांमध्ये रात्रभर शेकोट्या पेटवतात. गार हवा खोलगटात साचते, त्यामुळे नदीकाठच्या खळग्यापेक्षा चार हात उंचावरची जागा उबदार राहते. थंडी वाजते म्हणून बंद तंबूत किंवा गाडीत कोळशाची शेगडी मुळीच ठेवू नये. तिच्या वायूला वास नसतो आणि झोपेतला माणूस उठत नाही.

भंडारदऱ्याचा जलाशय प्रवरेवरच्या, १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणामुळे झाला. भोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. मेअखेरपासून मोठा पाऊस लागेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा यांवर काजवे लखलखतात, तेव्हा गाड्यांची रीघ लागते. काजवे प्रकाशाच्या खुणेनेच जोडीदार शोधतात, हेडलाइटच्या झोतात ती खूण हरवते. गाडी गावातच लावावी आणि अंधारात चालत जावे. भंडारदऱ्याचा काठ सर्वांत देखणा आहे, म्हणूनच तिथे शनिवार टाळून मधल्या वारी जावे.

राने निवडताना पहिला प्रश्न परवानगीचा. राखीव वनात वा अभयारण्यात वनविभागाला न विचारता मुक्काम करता येत नाही. रामशेजजवळच्या बोरगडसारखे संवर्धन राखीव क्षेत्र दिवसा पाहावे आणि रात्री गावात उतरावे. फेब्रुवारी ते जून हा वणव्याचा काळ, तेव्हा शेकोटी नकोच. झाडावर किंवा कड्यावर आग्या मोहोळ लटकत असेल, तर तिथून निमूट निघावे. धुराने ते उठले की पळायलाही उसंत मिळत नाही.

बिबट्या नाशिकच्या उसाच्या पट्ट्यात आणि रानातही आहे. उष्टे-खरकटे टाकले की कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. संध्याकाळनंतर मूल एकटे शौचाला उघड्यावर बसवू नये, वाकलेली लहान आकृती त्याला भक्ष्यासारखी दिसते. म्हणून शौचालय तंबूजवळ आणि उजेडात आहे का, हे कुटुंबाने आगाऊ पैसे भरण्याआधी विचारावे. साप चावला तर चिरणे, बांधणे न करता रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करावा. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. मोबाइलला रेंज कोणत्या कंपनीची मिळते, हेही आधी विचारून ठेवावे.

कॅराव्हॅनची गणिते वेगळी. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, त्यात अशा गाड्यांबरोबर त्या उभ्या करण्याच्या पार्कचाही विचार आहे. खास पार्क जवळ नसेल तिथे कृषी पर्यटन केंद्र किंवा रिसॉर्टचे आवार वापरावे. मुंबईकडून येणाऱ्यांना जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. खरी अडचण शेवटच्या किलोमीटरला येते. शिवाररस्ता अरुंद असतो, बाभळीच्या फांद्या खाली आलेल्या असतात, शेतातली विजेची तार लोंबत असते. गाडी थांबवून कोणीतरी पुढे चालत जाऊन पाहून यावे. पूर्वेकडच्या काळ्या मातीत पावसाचा एक शिडकावा पुरतो, चाके रुततात आणि गाडी ट्रॅक्टर लावून ओढावी लागते. पश्चिमेला मुरूम असल्याने जमीन बरी, पण इगतपुरीच्या पावसात तीही टिकत नाही. कॅराव्हॅनसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

गाडीत एसी असेल तर शेतावरच्या साध्या जोडणीवर तो चालेलच असे नाही, जाड पिनचा सॉकेट आणि अर्थिंग आहे का ते पाहावे. सर्वांत दुर्लक्षित राहते ती मैल्याची टाकी. गंगापूरचे पाणी नाशिक शहर पिते, इतर धरणांखालीही गावे आहेत. टाकी तर नाहीच, भांडी घासलेले साबणाचे पाणीसुद्धा काठावर सोडू नये. मुक्काम ठरवताना मालकाला सेप्टिक टँकची जागा दाखवायला सांगावी. ती दाखवता येत नसेल, तर काठ कितीही सुंदर असो, गाडी पुढे न्यावी.