भट्टीचा हिशेब मेणात

ठाण्याच्या मूर्तिशाळांत शाडूची गणेशमूर्ती साच्यातून निघते, सावलीत वाळते आणि रंगवली जाते; ती भट्टीत जात नसल्यामुळे वाळताना ती थोडीफार आक्रसली, तरी साच्याच्या मापात आणि मूर्तीच्या मापात फारसे अंतर पडत नाही. पोर्सेलिनच्या, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चिनी मातीच्या, मूर्तीला ही सवलत नाही. तिच्या शिल्पकाराला भट्टीचा हिशेब अगदी आरंभी, वीतभर उंचीच्या मेणाच्या नमुन्यातच करावा लागतो.

पोर्सेलिनची माती म्हणजे केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही खनिजे यांचे मिश्रण. ते सुमारे १,४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो, कणांमधल्या पोकळ्या भरून काढतो आणि कणांना एकमेकांजवळ ओढतो. ओल्या अवस्थेपासून पक्क्या मूर्तीपर्यंत लांबी साधारण एक षष्ठांशाने कमी होते. म्हणजे १५ सेंटिमीटरची मूर्ती हवी असेल तर नमुना १८ सेंटिमीटरचा करावा लागतो. घनफळाचा विचार केला तर मूळच्या सुमारे ५८ टक्केच उरते, आणि हा आकडा मला आजही थक्क करतो.

प्रश्न केवळ मापाचा नाही. कमाल तापमानाला मूर्ती मऊ पडते आणि लांब पसरलेला हात स्वतःच्याच भाराने खाली झुकतो. नर्तकीच्या पायामागे दिसणारा झाडाचा बुंधा हा म्हणूनच बहुधा निव्वळ अलंकार नसून तिचा आधार असतो, आणि त्याची जागा मेणातच ठरते. भट्टीत लावायचे तात्पुरते टेकूही त्याच मातीचे करतात, कारण ते मूर्तीबरोबर सारख्याच प्रमाणात आक्रसले पाहिजेत. शिवाय वर चढणारी झिलई बारीक रेषा बुजवते. त्यामुळे वस्त्राच्या चुण्या नमुन्यात मुद्दाम खोल कोराव्या लागतात.

या कामाला मेणच सोयीचे, कारण ते मातीसारखे वाळत नाही, तडकत नाही, आणि त्यात भर घालणे व त्यातून काढून टाकणे दोन्ही सारखेच सुलभ असते. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळत असले तरी ३५ अंशांच्या आसपासच ते बोटांना वळू लागते. ठाण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी नाजूक बोटे टिकवायची तर मेणात राळ मिसळून ते कडक करणेच शहाणपणाचे ठरेल.

तयार नमुन्याचे मस्तक, हात, धड असे भाग पाडून प्रत्येकाचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा घेतात. प्लास्टर पाणी शोषून घेते, त्यामुळे साच्यात भरलेली ओली माती घट्ट होऊन सुटी होते; मग पातळ मातीच्या घोळाने भाग जोडले जातात.

इटलीतील फ्लॉरेन्सजवळच्या डोच्चा येथे अठराव्या शतकात कार्लो जिनोरी यांनी पोर्सेलिनचा कारखाना काढला आणि सोल्दानी बेन्झी या कांस्यशिल्पकाराच्या वारसांकडून त्याचे साचे मिळवले. त्या कारखान्याच्या संग्रहातील मेणाची शिल्पे आजही जतन केलेली आहेत. प्लास्टरचा साचा वापरागणिक झिजतो आणि त्यातून निघणारी मूर्ती बोथट होत जाते. त्यामुळे शिल्पकाराच्या हाताची खरी धार पाहायची असेल, तर चकाकत्या पोर्सेलिनपेक्षा या मेणाकडेच अधिक बारकाईने पाहावे लागते.