पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम)

वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंतच्या काळात बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा हार्मोन्सचा विकार. पाळी लांबते किंवा महिनोन्महिने येतच नाही, अँड्रोजेन म्हणजे ज्यांना ढोबळपणे पुरुषी हार्मोन म्हणतात ते जास्त बनतात, नी सोनोग्राफीत ओव्हरीत बारीक बारीक फुगे दिसतात. यातलं काय काय असलं की पीसीओएस म्हणायचं यावर तीसेक वर्षं वाद झालेत, ते खाली येईलच. आपल्याकडे दवाखान्यात नी घरात सर्रास पीसीओडी म्हणतात. पीसीओडी सौम्य आणि पीसीओएस गंभीर असे दोन वेगळे आजार दाखवणारे तक्तेही फिरत असतात, पण निदानाच्या कुठल्याही आंतरराष्ट्रीय निकषात असा फरक केलेला नाही.

आधीचे उल्लेख

हा आजार किती जुना यावर बरंच लिहिलं गेलंय आणि त्यातलं सगळं सारखं भरवशाचं नाही. आयुर्वेदाच्या लेखनात काश्यपसंहितेतल्या रेवतीकल्पातली 'पुष्पघ्नी' जातहारिणी (गर्भ नी बाळं हिरावून नेणारी मानलेली शक्ती) म्हणजेच पीसीओएस असं हल्ली ठामपणे मांडतात, कारण तिथे गाल भरलेले नी लव असलेले आहेत नी पाळी 'वृथा' म्हणजे फळ न देणारी आहे. वर्णन जवळचं वाटतं खरं, पण त्याच श्लोकात पाळी 'यथाकालं' म्हणजे वेळच्या वेळी येते असंही म्हटलंय, आणि आजच्या बहुतेक पेशंट्सची मुख्य तक्रार नेमकी उलटी असते. पाळी वेळेवर येऊनही बीज न सुटणं शक्य असतं, त्यामुळे हा दावा अगदीच मोडीत काढता येत नाही, तरी त्यावर फार भार टाकू नये हे बरं. संहितेचा काळही पक्का नाही, हाती असलेला पाठ बऱ्याच नंतरच्या संस्करणातून आलेला मानतात. पाळी बंद होण्यापुरतं बोलायचं तर सुश्रुतातले नष्टार्तव नी आर्तवक्षय हे शब्द जास्त सरळ लागू पडतात, पण ते लक्षणाचे शब्द आहेत, एका ठरावीक आजाराचे नाहीत.

युरोपात इटालियन वैद्य अंतोनियो वालिस्नेरी याच्या १७२१ च्या वर्णनाचा हवाला नेहमी देतात: मूल न होणारी, जराशी स्थूल शेतकरी बाई नी तिच्या मोठ्या, पांढुरक्या, चकचकीत ओव्हऱ्या. १८४४ मध्ये शेरो या फ्रेंच डॉक्टरने ओव्हरीतले असेच बदल नोंदवले, तर १९२१ मध्ये अशार आणि थिएर यांनी दाढी आलेल्या बायकांमधल्या मधुमेहाबद्दल लिहिलं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण साखर नी अँड्रोजेन यांची सांगड त्यात पहिल्यांदा दिसते, मात्र त्या पेशंट्सना आज कुठलं निदान मिळालं असतं हे सांगणं अवघड आहे.

वैद्यकाच्या इतिहासात सुरुवात धरतात ती १९३५ पासून. शिकागोच्या मायकल रीस हॉस्पिटलमधले आयर्विंग स्टाइन नी मायकल लेव्हेंथल यांनी सात बायकांची माहिती छापली, सगळ्यांची पाळी थांबलेली किंवा फार विस्कळीत, काहींच्या अंगावर जास्त केस, काही जाड (सगळ्या नव्हे, हे पुढे लोक विसरले). तेव्हा सोनोग्राफी नव्हती, पोटात हवा भरून एक्सरे काढत नी त्यात ओव्हरीचा आकार बघत. दोघांनी ऑपरेशन करून प्रत्येक ओव्हरीचा अर्धा ते पाऊण भाग पाचरीसारखा कापून काढला, सातही जणींची पाळी परत सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले. त्यावरून बरीच वर्षं हा आजार 'स्टाइन-लेव्हेंथल सिंड्रोम' म्हणून ओळखला गेला नी पाचर काढणं हाच उपाय ठरला. पण नंतर पोटातले अवयव एकमेकांना आतून चिकटून बसण्याचा त्रास व्हायचा, आणि १९६० च्या दशकात बीज सुटायला मदत करणाऱ्या क्लोमिफीनच्या गोळ्या आल्यावर हे ऑपरेशन मागे पडलं. त्याचंच हलकं रूप म्हणजे दुर्बिणीतून ओव्हरीला बारीक भोकं पाडणं, ते १९८४ पासून माहीत आहे नी निवडक पेशंट्समध्ये अजून करतात.

निकष

पहिला प्रयत्न १९९० चा, अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या बैठकीतला: अँड्रोजेन जास्त हवं नी बीज सुटणं अनियमित हवं, दोन्ही हवंच, ओव्हरी कशी दिसते याला जागा नाही. २००३ मध्ये रॉटरडॅमला युरोपी नी अमेरिकी संस्था एकत्र बसल्या नी तीनपैकी कुठल्याही दोन गोष्टी पुरे असं ठरलं, तिसरी अर्थात सोनोग्राफीतली ओव्हरी. २००६ मध्ये अँड्रोजेन एक्सेस सोसायटीने म्हटलं की अँड्रोजेन जास्त नसेल तर पीसीओएस म्हणूच नये. आजाराच्या मुळाशी काय आहे या दृष्टीने पाहिलं तर हा शेवटचा विचार जास्त सुसंगत वाटतो, पण व्यवहारात रॉटरडॅमच चालतं, नी २०१८ ची आणि २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं त्याच्यावरच बांधलेली आहेत.

सोनोग्राफीचा आकडाही सरकत गेला. रॉटरडॅममध्ये एका ओव्हरीत २ ते ९ मिमीचे १२ किंवा जास्त फुगे किंवा १० मिलीपेक्षा मोठी ओव्हरी असं होतं, पण मशिनं सुधारली तशा निरोगी तरुण मुलींतही बारा फुगे सहज दिसायला लागले, म्हणून २०१८ मध्ये नव्या मशिनवर तो आकडा २० केला. २०२३ मध्ये प्रौढ बायकांसाठी सोनोग्राफीऐवजी रक्तातली एएमएच (ओव्हरीतल्या बारीक बीजकोशिकांतून येणारं हार्मोन) तपासणी चालेल असं आलं. किशोरवयीन मुलींसाठी दोन्ही वापरू नयेत, पहिली पाळी येऊन आठ वर्षं होईपर्यंत ओव्हरी तशीच भरगच्च दिसू शकते, तरी दहावी-बारावीच्या मुलीच्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट देऊन 'पीसीओडी आहे' सांगितलं जातं ते चालूच आहे.

अनियमित म्हणजे किती तेही वयावर आहे. पहिल्या वर्षी काहीही चालतं, एक ते तीन वर्षांत २१ दिवसांच्या आत किंवा ४५ दिवसांच्या पुढे, नी त्यानंतर २१ च्या आत किंवा ३५ च्या पुढे, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या. पहिलं वर्ष झाल्यावर एकदा जरी ९० दिवसांवर गेली तरी ती अनियमितच धरतात. केसांसाठी फेरीमन नी गॉलवे यांची १९६१ ची मोजणी सुधारून वापरतात, ओठांवर, हनुवटीवर, पोटावर अशा नऊ ठिकाणी ० ते ४ गुण. थ्रेडिंग, वॅक्सिंग करून आलेल्या मुलीचे गुण कसे मोजायचे हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

निदानाआधी थायरॉइड, प्रोलॅक्टिन नी १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (अँड्रोजेन वाढवणारा अॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात विकार ओळखायला) बघून बाकीची कारणं वगळावी लागतात, नी पाळी पूर्ण थांबलेली असेल तर एफएसएच (बीजकोशिका वाढवणारं पिट्युटरी ग्रंथीचं हार्मोन) हेही.

आत काय घडतं

सोनोग्राफीत जे दिसतं त्याला पेशंट 'पाण्याच्या गाठी' म्हणतात, पण त्या गाठी नाहीतच, ती अर्धवट वाढून थांबलेली बीजकोशिकांची रांग असते, त्यामुळे त्या 'काढायच्या' नसतात. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच या हार्मोनचे ठोके जास्त वेगाने पडतात, त्याने पिट्युटरीतून एलएच हे हार्मोन जास्त नी एफएसएच तुलनेने कमी सुटतं. एलएचमुळे ओव्हरीतल्या थीका पेशी अँड्रोजेन बनवत राहतात, एफएसएच अपुरं म्हणून त्याचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर नीट होत नाही नी एकही बीज पुढे जाऊन सुटत नाही. बीज सुटलं नाही म्हणजे प्रोजेस्टेरॉन नाही, नी जीएनआरएचचा वेग कमी करणारा ब्रेक प्रोजेस्टेरॉनच असतो, म्हणून हे चक्र स्वतःलाच चालवत राहतं.

त्यात इन्सुलिनची भर. १९८० मध्ये बर्गेन नी सहकाऱ्यांनी इन्सुलिन आणि अँड्रोजेन बरोबर वाढलेलं दाखवलं, १९८९ मध्ये डुनाइफ यांनी हा इन्सुलिनचा अडथळा केवळ जाडीमुळे नाही हे दाखवलं. जास्तीचं इन्सुलिन थीका पेशींना आणखी ढकलतं, शिवाय लिव्हरमध्ये बनणारं एसएचबीजी (टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) कमी करतं, मग रक्तात मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. मानेवर, काखेत कातडी काळी जाड होते ती या जास्तीच्या इन्सुलिनमुळेच, नी घरचे मळ समजून घासायला लावतात. प्रोजेस्टेरॉन नसताना गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं, म्हणून तीन-चार महिन्यांनी पाळी आली की भरपूर अंगावरून जातं, आणि वर्षानुवर्षं असंच राहिलं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो, तरुण वयात तो एकंदरीत कमीच असला तरी.

प्रमाण

जागतिक आरोग्य संघटना १० ते १३ टक्के सांगते. निकष बदलला की आकडा कसा बदलतो ते मुंबईतल्या परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या २०१४ च्या अभ्यासात छान दिसतं: १५ ते २४ वयाच्या त्याच मुलींमध्ये रॉटरडॅमने २२.५ टक्के, अँड्रोजेन सोसायटीच्या निकषाने १०.७. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४ च्या देशव्यापी अभ्यासातही ७.२, १३.६ नी १९.६ असे तीन निकषांचे तीन आकडे आलेत. त्यामुळे 'पाचात एकीला' असं वाचलं की आधी कोणता निकष ते विचारावं.

उपचार

मूल नको असेल तेव्हा पाळीच्या एकत्रित (गर्भनिरोधक) गोळ्या, त्यांनी अस्तर ताब्यात राहतं नी एसएचबीजी वाढून केसही हळूहळू आटोक्यात येतात; वजन नी साखरेसाठी मेटफॉर्मिन; आणि आहार-व्यायाम, जो सगळ्यांनाच सांगतात. हार्मोनच्या गोळ्या बंद केल्यावर पाळी पुन्हा बिघडली तर गोळ्यांनी बिघडवली असं नसतं, मूळचा प्रश्न उघडा पडतो. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन देतात पण गरोदर राहण्याची शक्यता असताना चालत नाही.

मूल हवं असेल तर बीज सुटावं म्हणून हल्ली लेट्रोझोल हे औषध पहिलं. याची भारतातली गोष्ट वेगळी आहे. २००५ मध्ये एका परिषदेत जन्मदोषांची शंका मांडली गेली, २००६ मध्ये ९११ बाळांच्या अभ्यासात क्लोमिफीनच्या तुलनेत तसं काही दिसलं नाही, तरी २०११ मध्ये केंद्र सरकारने वंध्यत्वासाठी त्यावर बंदी घातली, ती २०१७ मध्ये उठली. मधल्या काळातच, २०१४ मध्ये, ७५० बायकांच्या अमेरिकी चाचणीत लेट्रोझोलने २७.५ टक्के नी क्लोमिफीनने १९.१ टक्के जणींना मूल झालं होतं. इनोसिटॉल या साखरेसारख्या पूरक पदार्थाच्या पुड्या खूप लिहून देतात, पुरावा त्या मानाने तोकडा आहे.

चाळिशीनंतर पाळी बरीच नियमित होते असं दिसतं, ओव्हरीतली बीजं कमी होत जातात म्हणून. साखरेचा धोका मात्र तेवढ्याने कमी होत नाही, म्हणून दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासायला सांगतात.