ऊर्ध्वपातन स्तंभाचे तापमान-नियंत्रण

उत्पादनाची शुद्धता थेट न मोजता स्तंभातील एखाद्या ट्रेचे (वर जाणारी वाफ आणि खाली येणारा द्रव जिथे भेटतात त्या आडव्या तबकाचे) तापमान स्थिर ठेवून ती सांभाळण्याची पद्धत. मिश्रणात दोनच घटक असतील आणि दाब ठरलेला असेल, तर उकळबिंदूवरून संघटन, म्हणजे घटकांचे प्रमाण, कळते. संघटन थेट मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफला एका नमुन्यासाठी काही मिनिटे लागतात. पीटी-१०० हा तापमान मोजणारा प्लॅटिनमचा संवेदक स्वस्त, टिकाऊ आणि कितीतरी चपळ असतो.

खरा प्रश्न असतो तो कोणता ट्रे निवडायचा, हा. शुद्धता वरच्या उत्पादनाची हवी म्हणून संवेदक माथ्यावर बसवण्याचा मोह होतो, पण तिथे तो आंधळा असतो. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतले इथेनॉल-पाणी मिश्रण घ्या. ७६० मिमी पारा दाबाला द्रवातील इथेनॉल वजनाने ८८ टक्के असताना उकळबिंदू सुमारे ७८.४ अंश से., तर ९५.६ टक्क्यांच्या स्थिरक्वाथी (उकळताना वाफेत आणि द्रवात सारखेच प्रमाण राहणाऱ्या) मिश्रणाचा ७८.१५. म्हणजे साडेसात टक्क्यांमागे फक्त पाव अंश! दाब १० मिमीने हलला तरी याहून जास्त फरक पडतो. खाली, इथेनॉल विरळ असलेल्या भागात मात्र तापमान ट्रेगणिक झपाट्याने चढते. रिफ्लक्स (माथ्यावरून स्तंभात परत सोडलेला द्रव) किंवा वाफ किंचित बदलून ज्या ट्रेचे तापमान सर्वाधिक हलते, तो निवडतात. चढ फारच तीव्र असेल, तर तीन-चार ट्रेंची सरासरी बरी. नाहीतर नियंत्रक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला झुलत राहतो.

वाफेतला बदल काही सेकंदांत सगळ्या ट्रेंवर जाणवतो. रिफ्लक्सचा बदल दर ट्रेला साधारण ३ ते १० सेकंद घेत उतरतो. ४० ट्रे खाली पोचेपर्यंत दोन ते सात मिनिटे जातात. म्हणून खालच्या ट्रेचे तापमान रिबॉइलरच्या (तळाचा द्रव उकळणाऱ्या उपकरणाच्या) वाफेच्या व्हॉल्व्हला जोडतात आणि रिफ्लक्स फीडच्या, म्हणजे स्तंभात येणाऱ्या मिश्रणाच्या, प्रमाणात ठेवतात.

माथ्याचा दाब स्थिर असला तरी वाफेचा भार वाढला की ट्रेमागे दाबाची घट वाढते, खालचा दाब चढतो आणि संघटन तेच असूनही तापमान वाढते. नियंत्रक मग नाहक वाफ कापतो. यावर उपाय म्हणजे ट्रेजवळचा दाब मोजून तापमानात दुरुस्ती करणे. इथेनॉलसाठी ती दर १० मिमीला सुमारे ०.३३ अंश येते.

तिसरा घटक शिरला की गणित चुकते. रेक्टिफायरच्या (इथेनॉल शुद्ध करणाऱ्या स्तंभाच्या) मधल्या ट्रेंवर फ्यूजेल ऑइल (इथेनॉलहून जड अल्कोहोलांचे मिश्रण) साचले, तर तिथले तापमान नुसत्या इथेनॉलचे प्रमाण सांगत नाही. अशा वेळी सेट पॉइंट (नियंत्रकाला दिलेले अपेक्षित तापमान) हलवत बसू नये, आधी फ्यूजेल ऑइलचा निचरा वाढवावा.