इंजिन विकतचं, मर्जी विकणाऱ्याची

फॉर्म्युला वनमध्ये आज नियम असा आहे: कंपनी स्वतःच्या संघाच्या गाडीत जे इंजिन बसवते, तेच तिने गिऱ्हाईक संघालाही द्यायचं. भाग तेच, सॉफ्टवेअर तेच आणि इंजिन पूर्ण ताकदीने पळवण्याची मुभाही तीच. इतकी साधी गोष्ट स्पष्ट शब्दांत बजावायला २०१८ साल उजाडावं लागलं. त्याआधीची पन्नास वर्षं हा मामला बराचसा विकणाऱ्याच्या मर्जीवर चालला.

ती मर्जी कधी उदारही असे. फोर्डच्या एक लाख पौंडांतून कॉसवर्थ या इंग्लिश इंजिन कंपनीने डीएफव्ही नावाचं इंजिन घडवलं. ४ जून १९६७ रोजी नेदरलँड्समध्ये झांडव्होर्टला ते पहिल्यांदा शर्यतीत उतरलं आणि लोटस संघाच्या जिम क्लार्कने ती शर्यत जिंकलीसुद्धा. पण फोर्डच्या वॉल्टर हेजना वेगळीच धास्ती वाटू लागली: एकटी लोटसच जिंकत राहिली तर त्या जिंकण्याला किंमत काय? १९६८ पासून इंजिन इतरांनाही मिळू लागलं. किंमत साडेसात हजार पौंड. १९६९ आणि १९७३ मध्ये तर जागतिक स्पर्धेतली एकूण एक शर्यत डीएफव्हीने जिंकली. टिरेल, विल्यम्स अशा छोट्या संघांचा जम त्याच इंजिनावर बसला.

पुढे कंपन्या स्वतःच मैदानात उतरल्या आणि 'वर्क्स' संघ (कंपनीचा स्वतःचा किंवा अधिकृत) व गिऱ्हाईक असा भेद पक्का झाला. इंजिन पुरवणारी होंडा निघून गेल्यावर १९९३ मध्ये मॅक्लारेन संघाला फोर्डचं इंजिन विकत घ्यावं लागलं. नवी आवृत्ती आधी फोर्डच्या वर्क्स संघाला, म्हणजे बेनेटनला, हे कराराने ठरलेलं. इंग्लंडमधल्या डोनिंग्टनच्या पावसात मॅक्लारेनचा आयर्टन सेना पहिल्याच फेरीत पाचव्या स्थानावरून पहिला आला, तो हे मागच्या आवृत्तीचं इंजिन घेऊन. वर्षअखेर त्याने जिंकलेल्या शर्यती पाच, बेनेटनची एक. सेनासारखा माणूस गाडीत असला की अन्याय झाकला जातो, एवढाच त्याचा अर्थ.

२०१४ मध्ये हायब्रिड इंजिनं आली आणि फरक धातूतून सॉफ्टवेअरमध्ये सरकला. इंधन कधी किती जाळायचं, बॅटरीतली वीज कुठल्या वळणानंतर सोडायची, ब्रेक लावताना किती परत मिळवायची, हे सगळं कोडमध्ये. आणि कोड कंपनीच्या हातात. मर्सिडीजचं इंजिन तेव्हा चार संघांकडे होतं, त्यात आपला फोर्स इंडियाही. १९ पैकी १६ शर्यती मात्र मर्सिडीजच्या स्वतःच्या संघाने नेल्या. मॅक्लारेनचे प्रमुख रॉन डेनिस यांनी त्याच सुमारास सांगून टाकलं की गिऱ्हाईक संघाला आता विजेतेपद मिळणं शक्य नाही. ते होंडाकडे वळले.

पुढच्या वर्षी रेड बुल संघाचं त्याला इंजिन पुरवणाऱ्या रेनोशी बिनसलं. मर्सिडीजने नकार दिला, फेरारीशी बोलणी आदल्या वर्षीचं इंजिन देण्याच्या मुद्द्यावर अडली, होंडाच्या वाटेत मॅक्लारेन आडवं आलं. चार विजेतेपदं मिळवलेला संघ इंजिनाविना घरी बसायची वेळ आली. शेवटी रेनोचंच इंजिन टॅग ह्यूअर या घड्याळ कंपनीच्या नावाने लावून त्यांनी २०१६ चा मोसम काढला. त्याच २०१५ मध्ये मॅनॉर हा छोटा संघ आदल्या वर्षीचं फेरारी इंजिन घेऊन शेवटच्या रांगेत फिरत होता, त्याचं मात्र कुणाला सोयरसुतक नव्हतं. एफआयए या मोटर शर्यतींच्या नियामक संस्थेने इंजिनाच्या किमतीवर मर्यादा घालायचा प्रस्ताव आणला, तर फेरारीने नकाराधिकार वापरला. अखेर २०१६ मध्ये तडजोड झाली: किमती टप्प्याटप्प्याने उतरवायच्या, आणि एखादा संघ इंजिनाविना राहिलाच तर ज्या कंपनीकडे सर्वांत कमी संघ, तिने पुरवठा करायचा. सक्तीचं हे कलम मोठ्या संघाचा पाय अडकला तेव्हाच सुचलं, हे विसरू नये.

एफआयएच्या २०१८ च्या निर्देशाने समान इंजिनाचा मुद्दा निकाली काढला. २०२० मध्ये इटलीतल्या मोन्झाच्या शर्यतीपासून पात्रता फेरी आणि शर्यत एकाच इंजिन मोडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ताकदीची एकच सेटिंग ठेवून, चालवणंही बंधनकारक झालं. त्याचं फळ डेनिस यांच्याच जुन्या संघाने चाखलं: २०२१ मध्ये मर्सिडीजकडे परतलेल्या मॅक्लारेनने २०२४ आणि २०२५ ची सांघिक विजेतेपदं विकतच्या इंजिनावर, मर्सिडीजलाच मागे टाकून जिंकली.

तरी सगळंच समान झालेलं नाही. वर्क्स संघाचे चेसिसवाले (गाडीचा सांगाडा बनवणारे) आणि इंजिनवाले एकत्र बसून आराखडा ठरवतात. गिऱ्हाईकाला ठरलेल्या मापाच्या इंजिनाभोवती गाडी बांधावी लागते. आणि २०२६ च्या नियमांत तोल सांभाळायचा आहे तो कंपन्या-कंपन्यांमध्ये: ज्याचं इंजिन ठरावीक टक्क्यांपेक्षा मागे पडेल, त्याला सुधारणेची जादा संधी. रेनो त्याआधीच इंजिन बनवणं थांबवून बाजूला झाली, आणि तिच्या अल्पाइन संघानेही मर्सिडीजचंच इंजिन घेतलं.